‘मिझूरा’ की ‘मिझुरात्सिओने’: क्वांटम मापनाचा मजकूर इटालियनमध्ये नेताना

क्वांटम भौतिकीतील मापनाच्या प्रश्नावरचा, म्हणजे मोजताना कणाचे नेमके काय होते या वादावरचा, एक दीर्घ इंग्रजी निबंध इटालियनमध्ये आणण्याचे काम मी स्वीकारले, तेव्हा अडचण आलीच तर ती गणिताची येईल, अशी माझी समजूत होती. गणिताने मुळीच त्रास दिला नाही. समीकरणांना भाषांतरकाराची गरजच पडत नाही. त्रास दिला तो शीर्षकातल्या ‘मेझरमेंट’ या शब्दाने, आणि तो शेवटचे प्रूफ हातावेगळे होईपर्यंत देत राहिला. माझी मातृभाषा मराठी. भौतिकशास्त्र मी इंग्रजीतून शिकलो आणि इटालियन त्यानंतर. भाषांतर स्वतःच्या मातृभाषेत करावे हा व्यवसायातला रूढ संकेत मी मोडत होतो, याची मला पूर्ण जाणीव होती. म्हणूनच भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका इटालियन अध्यापिकेने माझी प्रत्येक ओळ तपासावी, असे सुरुवातीलाच ठरले होते. त्यांच्याविना हे काम उभे राहिले नसते, आणि पुढे येणाऱ्या बहुतेक चुका त्यांनीच पकडल्या आहेत.

इंग्रजीत ‘मेझरमेंट’ म्हणजे मोजण्याची क्रिया, आणि त्या क्रियेतून हाती आलेला आकडाही तोच. इटालियनमध्ये ‘मिझुरात्सिओने’ ही क्रिया आणि ‘मिझूरा’ हे तिचे फलित, अशी विभागणी आहे. निदान मोजमापशास्त्राच्या परिभाषेत ती कटाक्षाने पाळली जाते. मराठी माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही, कारण ‘मापन’ आणि ‘माप’ हे आपल्याकडे वेगळे शब्द आहेत आणि ‘कपड्याचे मापन दिले’ असे कोणी म्हणत नाही. त्यामुळे पहिल्या वाचनात मी खूश झालो. इंग्रजीने जे एका शब्दात कोंबले आहे ते मी दोन शब्दांत मोकळे करीन आणि मूळ मजकुरापेक्षा भाषांतर अधिक स्वच्छ होईल, असा एक सुप्त अहंकारही त्या आनंदात होता. निबंधात हा शब्द दोनशेहून अधिक वेळा आला होता. प्रत्येक ठिकाणी समासात ‘क्रि’ किंवा ‘फ’ अशी पेन्सिलची खूण करीत मी चार दिवस घालवले. तरी तीसेक जागा अशा उरल्या, की तिथे लेखकाला क्रिया अभिप्रेत होती की फलित, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

पहिला खर्डा लिहिताना घाईत बहुतेक ठिकाणी ‘मिझूरा’च लिहिले गेले होते. नंतर ‘क्रि’ची खूण असलेली प्रकरणे निवडून संगणकाला ‘मिझूरा’च्या जागी ‘मिझुरात्सिओने’ घालण्याचा आदेश दिला. पूर्ण शब्दच बदलावा, शब्दाचा तुकडा नव्हे, एवढी खबरदारी घेतली होती. म्हणून निर्धास्त होतो. पण ‘मिझूरा’ हे नाम आहे तसेच ते ‘मोजतो’, ‘मोजते’ हे क्रियापदाचे रूपही आहे. क्वांटमच्या लिखाणातल्या अनेक विचारप्रयोगांत ॲलिस आणि बॉब ही काल्पनिक जोडी काही ना काही मोजत असते. स्पिन म्हणजे कणाचा एक अंगभूत गुण; ‘ॲलिस स्पिन मोजते’ या निरुपद्रवी वाक्याचे माझ्या खर्ड्यात ‘ॲलिस स्पिन मापन’ असे झाले होते. शिवाय इटालियनमध्ये ‘इन मिझूरा मिनोरे’ म्हणजे ‘कमी प्रमाणात’ आणि ‘सू मिझूरा’ म्हणजे ‘मापाने शिवलेले’. हे वाक्प्रचारही त्याच वरवंट्याखाली गेले. अध्यापिकाबाईंनी पहिल्या दहा पानांवर काहीही शेरा न लिहिता फक्त या जागांना गोल केले होते. गोल मोजून मी सगळी प्रकरणे पुन्हा हाताने केली.

हे निस्तरल्यावर त्यांनी दुसरा आक्षेप घेतला, आणि तो जास्त महत्त्वाचा होता. निबंधाचा विषयच असलेल्या ‘मापनाच्या समस्ये’ला मी सर्वत्र क्रियावाचक शब्द वापरला होता. त्यांचे म्हणणे असे की परिभाषेच्या दृष्टीने मी बरोबर असेन, पण एकाही इटालियन भौतिकशास्त्रज्ञाच्या तोंडून ते नाव येणार नाही. तिथे ‘प्रोब्लेमा देल्ला मिझूरा’ हेच रूढ आहे, आणि रूढ नावाला तर्क लावायचा नसतो. मी मानले. पण त्यामुळे माझी स्वच्छ विभागणी शीर्षकातच फुटली. त्यात भर म्हणून गणितातले ‘मेझर’, म्हणजे संचांना आकारमान नेमून देणारा नियम, उभे राहिले. 1957 साली गणितज्ञ ग्लीसनने सिद्ध केलेले प्रमेय हिल्बर्ट अवकाशाच्या, म्हणजे क्वांटम अवस्था जिथे मांडतात त्या गणिती अवकाशाच्या, उपअवकाशांवरील ‘मेझर’विषयी आहे, आणि हे गणिती ‘मेझर’ही इटालियनमध्ये ‘मिझूरा’च. इंग्रजीत ‘मेझर’ आणि ‘मेझरमेंट’ यांच्यात निदान एका प्रत्ययाचे अंतर आहे. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ मात्र प्रयोगशाळेतल्या कृतीलाही सर्रास ‘मिझूरा’ म्हणतात, त्यामुळे धनात्मक ऑपरेटर-मूल्य असलेल्या मेझरविषयीच्या (मापनाचे वर्णन करण्याचे ते एक गणिती साधन) परिच्छेदात एकाच ओळीत तोच शब्द दोनदा, दोन वेगवेगळ्या अर्थांनी आला. शेवटी मी असे ठरवले, की रूढ नावांत आणि गणितात ‘मिझूरा’, प्रयोगातल्या कृतीला ‘मिझुरात्सिओने’, आणि आकड्याला दोन्ही नकोत. त्यासाठी ‘एझितो’, म्हणजे निष्पत्ती.

इथपर्यंतची अडचण शब्दांची होती. पुढची चूक माझ्या हुशारीची होती.

पहिल्या प्रकरणात लेखकाने स्टर्न आणि गेरलाख यांच्या 1922 च्या प्रयोगाचे वर्णन केले आहे. भट्टीतून निघालेला चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून जातो आणि काचपट्टीवर एक पसरट डाग उमटण्याऐवजी झोताचे दोन भाग झालेले दिसतात. यानंतर लेखकाचे वाक्य होते, त्याचा आशय असा: ‘अणूचा स्पिन वर होता, हे मापन उघड करते.’ मी ते आधी जसेच्या तसे नेले. ‘रिवेला’ हे क्रियापद, आणि ‘होता’साठी अपूर्ण भूतकाळातले ‘एरा’. मग माझ्यातला भौतिकीचा विद्यार्थी जागा झाला. उघड करणे म्हणजे आधीच असलेल्या गोष्टीवरचे झाकण काढणे. स्पिनच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, हाच तर सगळा वाद. म्हणून मी ‘रिवेला’ खोडून ‘दा’ केले, म्हणजे ‘मापन वर अशी निष्पत्ती देते’, आणि ‘एरा’ काढूनच टाकले. त्या प्रकरणात अशा सात जागा मी सुधारल्या आणि लेखकावर उपकार केल्याच्या भावनेने पुढे गेलो.

पाचव्या प्रकरणात लेखक मागे वळून म्हणतो: पहिल्या प्रकरणात आपण सात वेळा ‘उघड करते’ म्हटले आणि वाचकाने ते सात वेळा निमूटपणे मान्य केले, आता पाहू या, आपण काय मान्य करून बसलो आहोत ते. हे वाचताच माझे हात थांबले. ते भाबडे क्रियापद लेखकाने मुद्दाम पेरले होते. वाचकाला आधी नेहमीच्या भाषेत निश्चिंत चालू द्यायचे आणि मग त्याच्या पायाखालची फळी काढायची, अशी निबंधाची सगळी रचना होती. आणि मी ती फळी आधीच काढून बाजूला ठेवली होती. माझ्या इटालियन वाचकाला पाचव्या प्रकरणात कळलेच नसते, की हा गृहस्थ कोणत्या सात वाक्यांबद्दल बोलतो आहे. सातही जागी ‘रिवेला’ आणि ‘एरा’ परत आणले. संपूर्ण मजकूर वाचून झाल्याशिवाय एकही ओळ लिहायची नाही, हा नियम मला माहीत होता. मीही मजकूर वाचला होता, पण तो शब्दसूची तयार करण्यासाठी, लेखकाचा डाव ओळखण्यासाठी नव्हे.

‘मेझरमेंट’ या शब्दावर सर्वांत कडक हल्ला भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी केला होता, आणि तोही इटलीत. सिसिलीतल्या एरिचे या डोंगरावरच्या गावात 1989 च्या ऑगस्टमध्ये झालेल्या सभेतील त्यांचे भाषण 1990 मध्ये लेखरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात सिद्धांताच्या मूलभूत मांडणीतून हद्दपार करावयाच्या शब्दांची जी यादी आहे, तिच्यात ‘सिस्टिम’, ‘अपॅरेटस’, ‘इन्फर्मेशन’ असे शब्द आहेत आणि ‘मेझरमेंट’ हा त्यांतला सर्वांत वाईट ठरवलेला आहे. कारण तोच आपला ‘रिवेला’चा दोष: या शब्दातून असे सुचते, की गुण आधीच तिथे होता आणि उपकरणाने तो निष्क्रियपणे टिपला. बेल यांचा दुसरा प्रश्न असा, की मोजणारा म्हणवून घेण्यास कोण पात्र? पहिला एकपेशीय जीव जन्माला येईपर्यंत जगाचे तरंगफलन, म्हणजे त्याच्या क्वांटम अवस्थेचे गणिती वर्णन, वाट पाहत थांबले होते, की पीएचडी मिळवलेला कोणी येईपर्यंत?

आमच्या निबंधात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि इटालियन व्याकरण त्याला हळूच बगल देते. ‘स्थान मोजले जाते’ यासाठी इटालियनमध्ये सर्वांत सहज रचना ‘सी मिझूरा’ ही. त्यातला ‘सी’ कर्त्याला अदृश्य करतो. माणूस मोजतो, यंत्र मोजते की कोणीच नाही, याचा पत्ता लागत नाही. शिवाय हाच ‘सी’ आत्मवाचकही असल्यामुळे चुकीच्या जागी पडला, तर ‘इलेक्ट्रॉन स्वतःला मोजतो’ असाही भास होतो. साध्या वर्णनात मी ही रचना राहू दिली. पण जिथे लेखक ‘कोण मोजतो?’ असे विचारणार होता, तिथे त्याच्या आधीच्या परिच्छेदात कर्ता उघडपणे यावा यासाठी ‘वेने मिझुराता’ अशी कर्मणी रचना घेतली, कारण तिला ‘अमुककडून’ हे शेपूट जोडता येते. हा फरक वाचकाच्या लक्षात येईल असे नाही, पण पुढचा प्रश्न अंगावर यायचा असेल, तर आधी ती जागा रिकामी दिसायला हवी.

व्याकरणाने एका ठिकाणी मात्र अनपेक्षितपणे साथ दिली. इटालियनमध्ये ‘प्रीमा के’, म्हणजे ‘अमुक होण्यापूर्वी’, यानंतरचे क्रियापद ‘कोन्जुन्तीवो’त येते, शंका, इच्छा आणि शक्यता यांचा तो अर्थ. ‘दोपो के’, म्हणजे ‘अमुक झाल्यानंतर’, याच्यापुढे मात्र साधा निश्चयार्थ चालतो. त्यामुळे ‘स्थान मोजले जाण्यापूर्वी’ आणि ‘स्थान मोजले गेल्यानंतर’ ही दोन वाक्ये लिहिताना मापनाआधी शक्यतेचे रूप आणि मापनानंतर वस्तुस्थितीचे रूप आपोआप पडते. मापनाआधी गुणाला निश्चित मूल्य नसते असे मानणाऱ्या कोपनहेगन पंथाची याहून सुबक जाहिरात करता येणार नाही. अध्यापिकाबाईंना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘जेवण वाढले जाण्यापूर्वी हात धुवा, हे वाक्यही तुम्ही याच रूपात लिहाल, त्यावरून जेवण अस्तित्वात नव्हते असे ठरत नाही.’ त्यांचे खरे होते, पण ती दोन वाक्ये मी एकाखाली एक येतील अशी मांडली आणि तशीच ठेवली.

‘अनसर्टन्टी’ने वेगळाच पेच टाकला. कणाचे स्थान आणि संवेग एकाच वेळी हवे तितके नेमके ठरवता येत नाहीत, या हायझेनबर्ग यांच्या 1927 च्या तत्त्वाला इंग्रजीत ‘अनसर्टन्टी’ म्हणतात, म्हणजे खात्री नसणे, आणि खात्री असणे वा नसणे हे माणसाच्या मनाशी निगडित आहे. इटालियनमध्ये त्याचे नाव ‘इन्देतेर्मिनात्सिओने’; ते वस्तूच्या ठायी असलेल्या अनिर्धारिततेबद्दल बोलते. उपकरणाच्या मर्यादेमुळे आकड्यात राहणाऱ्या अनिश्चिततेसाठी ‘इन्चेर्तेत्सा’ हा निराळा शब्द आहे. मराठीत आपण ‘अनिश्चितता’ म्हणून इंग्रजीच्याच वाटेने गेलो. आता, मूळ लेखकाने एक पूर्ण परिच्छेद खर्च करून बजावले होते, की तत्त्वातली ‘अनसर्टन्टी’ ही गबाळ्या उपकरणाची ‘अनसर्टन्टी’ नव्हे. इटालियन वाचकाचा हा घोटाळा होतच नाही, त्यामुळे भाषांतरात तो परिच्छेद न लागलेल्या आगीवर पाणी ओतल्यासारखा वाटू लागला. लेखकाला विचारून मी तो तीन वाक्यांवर आणला आणि इंग्रजी नावामुळे होणाऱ्या गैरसमजाचा उल्लेख म्हणून लिहिला. परवानगी देताना लेखकाने आनंद व्यक्त केला की नापसंती, हे त्याच्या एका ओळीच्या उत्तरावरून ठरवता आले नाही.

काही शब्द लवकर सुटले. जर्मन ‘आयगेन’, म्हणजे ‘स्वतःचा’, इंग्रजीने तसाच ठेवला, इटालियनने त्याचा ‘आउतो’ केला. ‘आउतोवालोरे’, ‘आउतोस्तातो’ हे शब्द पक्के आहेत. ‘एन्टँगलमेंट’, म्हणजे दूरच्या कणांच्या अवस्थांची एकमेकींतली गुंतागुंत, यासाठी ‘इन्त्रेच्चो’, म्हणजे वीण, हा सुंदर शब्द आहे, पण भौतिकशास्त्रज्ञ इंग्रजीच वापरतात. मी पहिल्या उल्लेखात दोन्ही दिले. ‘कोलॅप्स’वर, म्हणजे मापनावेळी अनेक शक्यतांतून एकच उरण्यावर, थोडे अडलो, कारण ‘कोल्लास्सो’ म्हटले की इटालियन वाचकाला भोवळ येऊन पडलेला माणूस आठवतो. त्याला ‘रिदुत्सिओने’, म्हणजे तरंगपुंजाचे ‘संकोचन’, हा पर्याय आहे आणि तो शांत स्वभावाचा आहे. नेहमीच्या पाठ्यपुस्तकी गृहीतकासाठी मी तो वापरला. गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांच्या 1986 च्या सिद्धांतापाशी आल्यावर मात्र ‘कोल्लास्सो’ घेतला, कारण तिथे ते गृहीतक राहत नाही, ती घटना होते: एका कणाच्या वाट्याला दहाच्या सोळाव्या घाताइतक्या सेकंदांत, म्हणजे ढोबळमानाने तीस कोटी वर्षांत एकदा येणारी, पण असंख्य कण एकत्र असलेल्या, उपकरणाच्या काट्याच्या वाट्याला क्षणार्धात येणारी. त्रिएस्ते आणि पाविया इथे काम करणाऱ्या माणसांचा हा सिद्धांत, मूळ लेख इंग्रजीत, आणि तो इटालियनमध्ये परत नेणारा मराठी माणूस. या साखळीची मला गंमत वाटली.

सगळ्यात जास्त वेळ ‘कन्सिस्टंट हिस्टरीज’ने खाल्ला. क्वांटम घटनांच्या क्रमांना, म्हणजे ‘इतिहासांना’, संभाव्यता देण्याच्या ग्रिफिथ्स यांनी 1984 मध्ये मांडलेल्या या विचारात ‘कन्सिस्टंट’ म्हणजे आपसांत विसंगती नसलेले. इटालियनमध्ये ‘कोन्सिस्तेन्ते’ आहे, पण रोजच्या भाषेत त्याचा अर्थ ‘घसघशीत’, ‘भरीव’. ‘भरीव रक्कम’ म्हणताना तो येतो. सुसंगत यासाठी खरा शब्द ‘कोएरेन्ते’. पण हाच शब्द तरंगांच्या ‘कोहिरन्स’लाही, म्हणजे त्यांच्या परस्पर लयबद्धतेलाही, आहे, आणि गेल-मान व हार्टल यांनी जवळपास याच इतिहासांना ‘डिकोहिरंट’ म्हटले आहे. म्हणजे मी शुद्ध इटालियन लिहिले, तर एका प्रकरणात हे इतिहास ‘कोएरेन्ती’ आणि पुढच्या प्रकरणात तेच ‘देकोएरेन्ती’, अशी परस्परविरोधी दिसणारी नावे एकाच वस्तूला मिळत होती. भौतिकशास्त्रज्ञ काय करतात ते पाहिले, तर ते बेधडक ‘स्तोरिए कोन्सिस्तेन्ती’ लिहितात. भाषेचा दोष पत्करून मीही तेच लिहिले आणि पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे अंतर्विरोध नसलेले’ अशी जोड दिली. अध्यापिकाबाईंनी सही केली, पण समासात ‘नाइलाजाने’ असे लिहून.

विग्नर यांच्या 1961 च्या विचारप्रयोगातला, आत मापन करणारा आणि प्रयोगशाळेत कोंडलेला ‘फ्रेंड’ इंग्रजीत स्त्री की पुरुष हे लपवून ठेवू शकतो. इटालियनला आणि आपल्यालाही ते जमत नाही. रूढ नाव ‘अमीको’, मित्र. आमच्या लेखकाने मात्र तिला पुढे ‘शी’ म्हटले होते, म्हणून मी ‘अमीका’ केले आणि सगळी विशेषणे स्त्रीलिंगी झाली. 1989 मध्ये मर्मिन यांनी लिहिलेल्या आणि लोक उगाच फाइनमन यांच्या नावावर खपवतात त्या ‘गप्प बस आणि आकडेमोड कर’ या वाक्यालाही हीच अडचण आली: ‘झीत्तो’ म्हटले तर तो पुरुषाला, ‘झीत्ता’ स्त्रीला, ‘झीत्ती’ सर्वांना. मराठीत ‘गप्प बस’ की ‘गप्प बसा’ एवढेच ठरवावे लागते, लिंगाचा प्रश्न येत नाही. दटावले जात आहे ते संपूर्ण वर्गाला, असे धरून मी अनेकवचन घेतले.

प्रुफांत दोन गोष्टी सापडल्या. बेलच्या असमानतेच्या, म्हणजे पारंपरिक भौतिकीत दूरच्या निष्पत्तींचा मेळ किती असू शकतो याची मर्यादा सांगणाऱ्या सूत्राच्या, आलेखावर पारंपरिक मर्यादा 2 आणि क्वांटम मर्यादा 2.828 असे आकडे होते. मजकुरातले सगळे दशांश टिंब मी इटालियन पद्धतीने स्वल्पविराम केले होते. पण आलेख चित्ररूपात होता, म्हणून तो निसटला. इटालियनमध्ये टिंब हजारांनंतर येते, तेव्हा तिथल्या वाचकासाठी क्वांटम भौतिकीने पारंपरिक मर्यादा चौदाशे पटीने ओलांडली होती. चित्र पुन्हा काढून घेतले.

दुसरी गोष्ट ‘ओस्सेर्वाबिले’ची, म्हणजे निरीक्षणयोग्य राशीची. हा शब्द कोणी पुल्लिंगी वापरतो, कोणी स्त्रीलिंगी. ‘राशी’ अध्याहृत धरून मी स्त्रीलिंग निवडले होते. आधीच्या ‘उन’ला अपॉस्ट्रॉफी असेल तर स्त्रीलिंग, नसेल तर पुल्लिंग, उच्चारात काहीच फरक नाही. प्रूफ वाचणाऱ्या कोणीतरी तीन पानांवर तो काढून टाकला होता, पण पुढची विशेषणे स्त्रीलिंगीच राहिली होती. तीनही ठिकाणी लाल शाईने तो पुन्हा घातला आणि प्रुफे परत पाठवली.